नजर हातभर खाली

"बाबा, घाबरायचंय. नुसते डोळे मोठे करायचे नाहीत," कॅमेऱ्यामागून मुलगी नवव्यांदा म्हणाली.

बाबांनी शहाण्यासारखी मान डोलावली आणि पुन्हा डोळेच मोठे केले. दाढ दुखणारा माणूस दिसतो तसे ते दिसत होते. भर दुपारी खिडक्यांना ब्लँकेटं लावून खोलीत अंधार केला होता, आणि त्या अंधारात सगळ्यांना घामाच्या धारा लागल्या होत्या. दाराआड भूत झालेली आत्या तोंडाला पावडर फासून ताटकळत उभी होती. मघाशी बेल वाजली तेव्हा तीच दार उघडायला गेली. कुरिअरवाला पाकीट टाकून सही न घेताच जिना उतरला. इतका छान घाबरलेला माणूस, आणि नेमका तोच कॅमेऱ्यात नव्हता.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता, पाच मिनिटांचा भयपट. उद्या सकाळी सरांना दाखवायचा होता. कामासाठी ठरवलेल्या मित्राचे गालगुंडांनी गाल सुजले, म्हणून बाबांना उभं केलं. सगळं पार पडलं आणि एकच शॉट उरला. छतावरून उतरणारं भूत बघून घरातला माणूस हादरतो, तो. हा शॉट नसता तर उरलेली साडेचार मिनिटं म्हणजे एक गृहस्थ घरभर चपला शोधताहेत, एवढंच दिसलं असतं.

अडचण अशी की बाबा वीज खात्यात लाइनमन. तीस वर्षं खांबांवर चढणारा माणूस. वादळात तुटलेल्या तारा जोडून घरी आले की आधी चहा मागायचे, मग ओले कपडे बदलायचे. भीती हा प्रकार त्यांना ठाऊकच नाही, असं घरात सगळे धरून चालले होते. मुलीनं त्यांना साप आठवायला सांगितला. ते म्हणाले, बिचारा थंडीत उबेला येऊन बसतो, त्याला काय घाबरायचं. मग तिनं त्यांना मोठे साहेब आठवायला सांगितले. त्यावर त्यांना हसूच फुटलं आणि तोही टेक वाया गेला.

मुलगी रडकुंडीला आली. वर्षभर या पाच मिनिटांसाठी तिनं जिवाचं रान केलं होतं आणि आता घोडं बाबांच्या चेहऱ्यापाशी अडलं होतं. त्यांच्यावर चिडावं, तर सुट्टी टाकून सकाळपासून ते मुकाट्यानं उभे होते. शेवटी तिनं ठरवलं, हा शॉट भुताच्या नजरेतून घ्यायचा, वरून खाली. बाबा तोंड धुवायला आत गेले तेवढ्यात तिनं टेबल ओढलं, त्यावर खुर्ची ठेवली, खुर्चीवर स्टूल चढवलं आणि त्यावर कॅमेरा घेऊन उकिडवी बसली. डोकं छताला टेकत होतं. कॅमेऱ्याला तिनं एक लाल टिकली चिकटवली, म्हणजे बाबांना बघायला काहीतरी असावं.

बाबा बाहेर आले तेव्हा तिचे दोन्ही हात कॅमेऱ्यावर होते आणि नजर त्याच्या स्क्रीनवर.

"बॅटरी संपत आलीय. एकच टेक मिळेल," ती म्हणाली. "टिकलीकडे बघा. मी 'कट' म्हणेपर्यंत कुणी तोंडातून अवाक्षरही काढायचं नाही."

बाबांनी वर बघितलं. आणि बघता बघता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ओठ हलले, पण आवाज आला नाही. हात आपोआप पुढे आले. दोन पावलं ते सरकले आणि श्वास रोखून तसेच उभे राहिले. मुलीच्या अंगावर सर्रकन काटा आला. लोभापायी तिनं शॉट लांबवला, चांगली वीस सेकंदं. मग 'कट' म्हणाली.

आत्यानं टाळ्या पिटल्या. बाबांनी मुलीला हात देऊन खाली उतरवलं आणि मटकन पलंगावर बसले. तांब्याभर पाणी त्यांनी एका दमात संपवलं. नक्की काय आठवलंत, असं तिनं दोनदोनदा विचारलं.

"जमलं ना तुझं? मग झालं," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्या शॉटला पुढच्या बाकावरची दोन मुलं किंचाळली. सरांनी तो तीनदा फिरवून पाहिला. चेहरा लाखात एक आहे, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मुलीला आकाश ठेंगणं झालं. पण सरांचं बोलणं संपलं नव्हतं.

"नजर चुकलीय. भूत इथे वर आहे आणि हा माणूस हातभर खाली बघतोय. शिवाय भूत दिसल्यावर माणूस मागे पळतो. हा हात पसरून पुढे येतोय."

तेवढा शॉट पुन्हा घेऊन आण, नाहीतर वार्षिक महोत्सवात धरता येणार नाही, असं त्यांनी बजावलं. वर्षभराचं कष्टाचं काम एका नजरेपायी अडकलं होतं. मुलगी फणफणत घरी आली. ब्लँकेटं पुन्हा खिडक्यांवर चढली. तिनं टेबल ओढलं, खुर्ची ठेवली, स्टूल उचलायला वळली, तर त्यावर बाबा बसले होते. ते काही केल्या उठेनात.

"बाबा, इतकी लालभडक टिकली लावली होती," ती म्हणाली. "तुम्ही खाली कुठे बघत होतात?"

"स्टुलाच्या पायाकडे. तो खुर्चीच्या कडेवरून निम्मा बाहेर आला होता," बाबा म्हणाले. "आणि तू तर बोलू नका म्हणाली होतीस."