नंदलालच्या दुकानातला पट्टा

वस्तऱ्याकडून पत्तीकडे झालेला प्रवास हीच मानवजातीची खरी प्रगती आहे. हे मत मी मोहाडीत, नंदलालच्या खुर्चीत बसून मांडलं आणि साबणाचा फेस तोंडात गेल्यामुळे तिथंच थांबलो.

"हो नं काकाजी. पत्ती वापरली का फेकली," माझा डावा गाल उरकत नंदलाल म्हणाला. "वस्तऱ्याले पट्ट्यावर घासत बसा लागते."

त्याच्या वडिलांचा वस्तरा अजून खणात आहे. कुणाचा बाप गेला, की मुलाचं डोकं आणि मिशी त्या वस्तऱ्यानंच उतरवायची, असा दुकानाचा रिवाज. एरवी तो बाहेर निघत नाही.

तेवढ्यात आवाज आला. सप्... सप्... कुणीतरी सावकाश धार लावत होतं.

नंदलालचे दोन्ही हात माझ्या तोंडावर होते. खण बंद होता. खिळ्याला टांगलेला चामड्याचा पट्टा मात्र ताणलेला होता, खालचं टोक कुणी धरल्यासारखा.

"कोणाचे वडील गेले रे?"

"कोणाचेच नाही, काकाजी. मले तं निरोप नाही."

आवाज थांबला. दारात माझा मुलगा धर्मेंद्र उभा होता. तो नागपूरला असतो. येणार असल्याचं बोलला नव्हता. तो शेजारच्या खुर्चीत बसला.

"नंदूभाऊ, डोकं साफ करून दे. मिशी बी."

"काहून रे?" मी विचारलं.

"मालूम नाही, बाबा. सकाळपासून तसंच वाटून राहिलं." त्याचे डोळे रडून सुजले होते.

नंदलालचा हात खणाकडे गेला.

"नंदलाल," मी म्हणालो, "आधी माझा उजवा गाल तेवढा उरकून टाक."