टरफलं स्वच्छ करून घेतली

बायको गेल्याचा फोन आला, तेव्हा शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत कोळंबीच्या टरफलांतल्या कायटिन या द्रव्यापासून जखमेवर लावायची पट्टी बनवत होता. महिन्याभराने तो कामावर परतला, पण पट्टी काही केल्या जमेना. तीनदा केली, तिन्ही वेळा पिवळी पडून तडकली.

"सर, रसायनं तीच, यंत्र तेच," सहायक बाई म्हणाली. "टरफलं धुण्यातच काहीतरी बदललंय बघा. घरी कशी धुवायचात तुम्ही?"

शास्त्रज्ञाने टरफलं कधी धुतलीच नव्हती. प्रयोगशाळेत वासाने सगळे नाकं मुरडायचे, म्हणून अकरा वर्षं तो टरफलांच्या पिशव्या घरी न्यायचा आणि बायको ती पांढरीशुभ्र करून, वाळवून द्यायची.

"एकदा बघा तरी, मी काय करते ते," ती म्हणायची.

"धुण्यात काय बघायचंय? आधी हात धू, वास मारतोय."

सहायक बाई त्याच्या छापून आलेल्या शोधनिबंधाची पानं चाळत होती. "यात तर एवढंच आहे, सर. 'टरफलं स्वच्छ करून घेतली.'"



कोणाकडून, हे लिहायचं राहून गेलं होतं. आणि कशी, हे विचारायचं.