चालू होईस्तोवर

काकांचा कॉम्प्युटर चालू व्हायला इतका वेळ लावायचा, की सकाळी बटण दाबून ते सरळ स्वयंपाकघरात यायचे. चहा टाकायचे, शेंगा निवडायला बसायचे आणि "अजून गोलच फिरतंय" म्हणत काकूंशी जगभरच्या गप्पा मारायचे.

लेकीला बाबांची दया आली. तिने मेकॅनिक पाठवून आतला जुना भाग बदलून घेतला. आता बटण दाबलं, की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच कॉम्प्युटर हजर. मग काका तिथून थेट जेवायलाच उठायचे. काकू गॅसच्या शेगडीशी बोलू लागल्या.

शेवटी एका सकाळी काका आंघोळीला गेलेले पाहून काकूंनी कॉम्प्युटरची मागची वायर उपसली आणि तशीच पिठाच्या डब्यात खोल खुपसली.

"अगं, आज चालूच होत नाहीये," काका येऊन म्हणाले.

"मेलं ते यंत्रच तसलं. बसा, शेंगा निवडा."

"मेकॅनिकला फोन करू?"

"करू की सावकाश. कुठे पळून चाललाय तो?"

काका बसले. चहा झाला, शेंगा झाल्या, गप्पा पुन्हा रंगल्या. माणसाने टेबलामागे एकदा वाकूनसुद्धा पाहिलं नाही! काकूंना नवऱ्याच्या भोळेपणाचं हसू आलं आणि स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

आठवड्याने डब्यातलं पीठ तळाला गेलं.



वायर स्वच्छ पुसून, नीट गुंडाळून, रबर लावून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली होती.