माळ घातलेलं यंत्र

झेंडूच्या माळेला हात लावायचा धीर तनुजाला होईना. मुठीतलं पाच रुपयांचं नाणं घामानं चिकट झालं होतं. माळ बाजूला केल्याशिवाय ते आत जाणार नव्हतं, आणि नाणं आत गेल्याशिवाय यंत्रातून पॅड पडणार नव्हतं.

वारज्याच्या त्या शाळेत खंडेनवमीला एकही यंत्र पूजेवाचून सुटत नसे. संगणक, पाण्याची मोटार, शिपायाची सायकल, सगळ्यांना हळदकुंकू. मग मुलींच्या स्वच्छतागृहाबाहेरचं पॅडचं यंत्र तरी मागं कसं राहील? मैनामावशींनी, म्हणजे शाळेच्या सेविकेनं, सकाळीच त्यावर स्वस्तिक काढून पुढ्यात नारळ ठेवला होता. पूजेच्या बाबतीत मावशी महाकडक. चपला घालून कुणी जवळून गेलं तरी खेकसायच्या.

आणि तनुजाची पाळी नेमकी आत्ता आली होती. पांढऱ्या सलवारीवर अजून डाग नव्हता, पण दहा मिनिटांत सभागृहात भाषणासाठी तिचं नाव पुकारणार होते. विषय तिनंच हौसेनं निवडलेला: नाणं टाकलं की वस्तू देणाऱ्या यंत्रांचा इतिहास. परदेशी स्टेशनांवरची पोस्टकार्डं, आपल्याकडचं वजनाचं तिकीट, चहा-कॉफी, सगळं तोंडपाठ. आता मात्र पहिलंच वाक्य डोक्यात घुमत होतं: असलं पहिलं यंत्र दोन हजार वर्षांपूर्वी देवळात होतं आणि नाणं घेऊन तीर्थ द्यायचं. घाबरलेल्या माणसाला पुरावे बरोबर सापडतात. म्हणजे ही यंत्रांची जातच मुळी देवळातली, तिला वाटलं.

गेल्या नवरात्रात तिची काकू पाळी आलेली असताना चुकून घटाला शिवली. आठवड्याच्या आत आजोबा पायरीवरून पडले, कंबर मोडली. ते अजून अंथरुणात आहेत आणि घरात काकूशी अजून कुणी धड बोलत नाही. जेवण वाढतानाही काकूची मान खाली असते. तनुजाला देवापेक्षा त्या मानेची भीती वाटत होती.

सभागृहातून तिचं नाव ऐकू आलं. तिनं डोळे मिटले आणि हात पुढं केला.

"कोन गं तिकडं?"

मैनामावशी! तनुजाचा हात झटकन मागं आला आणि रडूच फुटलं.

"मावशी, मी शिवले नाही. आईशप्पथ नाही शिवले. मला... मला आत्ताच आली."

मावशींनी तिच्याकडं पाहिलं, तिच्या मुठीकडं पाहिलं. मग पुढं होऊन त्यांनी माळ वर सरकवली आणि नाण्यासाठी तळवा पसरला.

तनुजा दोन पावलं मागं सरली. "नको मावशी, पूजा झालीय. देवीचा कोप होईल. परत आजोबांना काही झालं तर?"

"कोप व्हायचा तर सकाळीच झाला असता," मावशी म्हणाल्या. "पूजा मी केली. माझा आज दुसरा दिवस हाय."