टॉवेलखाली

लॉर्नाच्या लेकीच्या अंत्यविधीनंतर आठवड्याने तिच्या पाळीव सापाची अंडी फुटली. दहा पिल्लांनी पहिली कात टाकली आणि चिमट्यातले नखाएवढे उंदीर गिळले. अकरावं पिल्लू तोंडच उघडेना. लॉर्ना तासभर त्याच्यासमोर ठाण मांडून बसली. "एकच घास, माझ्यासाठी." सापांमध्ये हयात घालवलेला शेजारी व्हर्जिल वैतागला. "अशी डोळे लावून बसलीस तर ते उपाशीच मरेल, बाई. त्याच्या डब्यात उंदीर ठेव, वर टॉवेल टाक आणि हो बाहेर." ती स्वयंपाकघरात आली. याच टेबलाशी ती लेकीसमोर बसायची, एकेक घास मोजत. लेकीने अन्नच टाकलं होतं. शेवटी शेवटी तिचं घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत घसरायचं. तासाभराने टॉवेल उचलला तर पिल्लाचं पोट टम्म. "बघ," व्हर्जिल म्हणाला, "नुसतं एकटं सोडायचं होतं." संध्याकाळी लॉर्नाने लेकीच्या जागी मॅकरोनी वाढली आणि त्या खुर्चीकडे पाठ करून बसली.