पहिली पेंढी

"बदलून द्या," टपालकाका म्हणाले आणि त्यांनी गवताची पेंढी दुकानाच्या फळीवर आपटली.

पशुखाद्य विकणाऱ्या बाई पेंढीकडे बघत राहिल्या. अर्ध्या तासापूर्वी त्यांनीच ती निवडून बांधून दिली होती. दोरीची गाठही सुटलेली नव्हती.

टपालकाकांनी चाळीस वर्षं लोकांचे जिने चढून पत्रं वाटली होती. निवृत्तीच्या दिवशी घरी येऊन त्यांनी चपला काढल्या आणि पेन्शन आपल्या पायांनाही लागू आहे, असं जाहीर करून टाकलं. डॉक्टर रोज चालायला सांगत. काका त्यांना हो म्हणत आणि घरी येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसत. उठावं लागे ते शनिवारी. काकूंनी दोन ससे पाळले होते, थोरला आणि धाकटा. त्यांचं सुकं गवत आणायचं काम काकूंनी नवऱ्याच्या गळ्यात घातलं होतं.

काका पेंढी आणत. काकू ती झटकत, नाकाशी नेत आणि म्हणत, "हे काय उचलून आणलंत? नुसत्या काड्या. परत करा." सहा वर्षांत काकांची पहिली पेंढी एकदाही पास झाली नाही. ते धुसफुसत परत जात आणि दुसरी आणत. दुसरी हिरवट असे, चहाच्या नव्या पुड्यासारखी वासाला छान, आणि झटकली तरी धूळ उडत नसे. ती काकू मुकाट्याने ठेवून घेत. सशांपुरतं गवत खाली ठेवून उरलेलं उशांच्या जुन्या अभ्र्यांत भरत आणि माळ्याखालच्या खुंट्यांना टांगत. प्लास्टिकच्या पिशवीत भरू देत नसत, त्यात गवत सर्दावतं म्हणून. अख्ख्या नोकरीत आपल्या हातून इतकी पत्रं परत गेली नसतील, असं काका शेजारपाजारी सांगत.

काकूंना जाऊन दोन महिने झाले होते. एवढे दिवस ससे त्या अभ्र्यांवरच निभावले. काल शेवटचा अभ्रा संपला. काकांनी तो उलटा करून झटकला, तेव्हा चार काड्या पडल्या. त्याही त्यांनी वेचून थोरल्यापुढे ठेवल्या.

आणि आज सकाळी मुलगी आली, ती झाकणाची टोपली घेऊनच. तिचं म्हणणं सरळ होतं. बाबा पाणी प्यायलाही खुर्चीतून उठत नाहीत, ते सशांचं काय करणार? तिच्या मैत्रिणीकडे अंगण होतं. ससे तिथे नीट राहिले असते. काकांनी टोपली पायाने बाजूला सारली. मग म्हणाले, गवत मी आणतो. चांगलं निघालं तर ससे इथेच राहतील. मुलीने मान डोलावली. बाबांना गवतातलं काही कळत नाही, हे ती आईकडून सहा वर्षं ऐकत आली होती.

काका दुकानात गेले. बाईंनी दिली ती पेंढी घेऊन घराच्या दारापर्यंत आले आणि बेलवर बोट ठेवता ठेवता थबकले. ही तर पहिली पेंढी. ही घेऊन आत गेलो की ससे टोपलीत गेलेच म्हणून समजा. त्यांनी बेल वाजवली नाही. आल्या पावली ते मागे फिरले.

"काका, हिच्यात खराब काय आहे?" बाईंनी विचारलं.

"पहिली आहे ना."

बाईंना हसू आलं. मग त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि स्टूल काकांकडे सरकवलं. काका काही बसले नाहीत.

"आज तुम्हाला चांगलीच दिली होती," बाई म्हणाल्या. "आता नाटक कुणासाठी करायचं?"

मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. सहा वर्षांपूर्वी काकू एकट्याच दुकानात आल्या होत्या आणि ठरवून गेल्या होत्या. "मला म्हणाल्या, ह्यांना पहिल्या खेपेला जुनंच गवत देत जा. डॉक्टरांचं ऐकत नाहीत. माझ्यावर चिडून तरी दोनदा चालतील."

काकांनी पेंढी आपल्याकडे ओढली. कुणावर तरी जाम चिडायला हवं होतं.

"सहा वर्षं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला ताप होता तेव्हा नाही. तेव्हा त्या स्वतः आल्या आणि पहिल्या फटक्यात चांगली पेंढी घेऊन गेल्या."

काकांनी तीच पेंढी पुन्हा बगलेत मारली आणि ते घरी आले. मुलीने ती झटकली. धूळ उडाली नाही. तिने वास घेतला आणि बापाकडे नीट पाहिलं. तेवढ्यात थोरल्याने गवतात डोकं खुपसलं आणि धाकट्याने त्याला ढुशी मारून आपली जागा केली. मुलीने टोपली दाराआड ठेवली. ससे राहू देत, म्हणाली, पण बाबा, तुम्ही जरा चालत जा. काका बघू म्हणाले आणि अभ्रे शोधायला उठले.

पुढच्या शनिवारी बाईंनी हिरवी पेंढी आधीच बांधून फळीवर ठेवली होती. काकांनी ती बाजूला सारली आणि मागच्या कोपऱ्यातल्या पिवळ्या, काड्याकाड्यांच्या पेंढीकडे बोट केलं.

"आधी ती द्या," ते म्हणाले. "घरी जाऊन परत आणतो."