पूर्वरंग संपल्यावर

जुनं रुग्णालय पाडून नवं बांधायचा नकाशा घेऊन आलेली आर्किटेक्ट व्हरांड्यातच थबकली. बुवांच्या कीर्तनाचा पूर्वरंग नुकताच संपला होता. त्यांच्या गळ्यात हार पडताच श्रोते बाह्या वर करून रांगेत उभे राहिले. सिस्टर प्रत्येकाला बुक्का लावून रक्तदाब मोजू लागली.

“हे काय चाललंय?”

“दर गुरुवारी असंच, मॅडम,” सिस्टर म्हणाली. “एरवी तपासणीला बोलावून कुणी येत नाही, आणि उत्तररंग टाकून कुणी जात नाही.”

नकाशात तपासणीच्या बारा खोल्या होत्या. व्हरांडा नव्हता.

तिने पेन्सिल काढली. “बुवा, कीर्तनाला किती जागा लागेल?”

“मला काय, उभं राहण्यापुरती. बसणारे मोजा, ताई.”

तिने मोजले. “एक्केचाळीस.”

“बेचाळीस,” शेजारच्या आजी म्हणाल्या आणि त्यांनी तिचीच बाही वर सरकवली.